जुना लॅपटॉप वारंवार का अडकतो? निदान आणि उपाय

शाळेतील साधनांची निगा राखणे हा शिक्षकाच्या दैनंदिन कर्तव्याचा एक भाग आहे. फळा काळा करून घेणे, नकाशे गुंडाळून ठेवणे, विज्ञानपेटीतील भिंगे पुसणे ही कामे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. ह्या साधनांत आता लॅपटॉपची भर पडली आहे. परंतु फळ्याला काय झाले ते डोळ्यांना दिसते. लॅपटॉपला काय झाले ते दिसत नाही. त्यामुळे तो मध्येच अडकू लागला, म्हणजे बोलीभाषेत 'हँग' होऊ लागला, की शिक्षक गोंधळतो. कोणी म्हणतो व्हायरस शिरला, कोणी म्हणतो यंत्र जुने झाले, कोणी म्हणतो सर्व पुसून नव्याने भरा. वास्तविक अडकणे हा रोग नसून लक्षण आहे. एकाच लक्षणामागे पाच-सहा निरनिराळी कारणे असू शकतात. ती कशी ओळखावीत व कोणत्या क्रमाने तपासावीत, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक बोधप्रद अनुभव

लेखकाच्या माहितीतील एका द्विशिक्षकी शाळेत आठ-नऊ वर्षांचा एक लॅपटॉप होता. मुलांना जवळून दिसावे म्हणून गुरुजी तो वर्गात सतरंजीवरच ठेवीत. उन्हाळा सुरू झाला आणि लॅपटॉप अडकू लागला. प्रथम आठवड्यातून एकदा, नंतर रोज. गुरुजींनी तो तालुक्याच्या गावी दुरुस्तीस नेला. तेथे 'फॉरमॅट' करण्याचा सल्ला मिळाला व तो तत्काळ अमलात आला. लॅपटॉप नव्यासारखा होऊन परत आला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा अडकला.

मधल्या वेळात जे गेले ते मात्र परत आले नाही. त्या शाळेतील काही मुले ऊसतोडणीसाठी आईवडिलांबरोबर दरवर्षी दिवाळीनंतर गाव सोडीत व उन्हाळ्याच्या तोंडाशी परतत. कोणते मूल कोठपर्यंत वाचू लागले होते, कोणाला जोडाक्षरे अडत होती, कोणाची वजाबाकी कच्ची होती, ह्याच्या तीन वर्षांच्या नोंदी गुरुजींनी त्या यंत्रात ठेवल्या होत्या. परतलेल्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून न शिकवता तो थांबला होता तेथून पुढे नेण्याचे तेवढेच साधन होते. ते पुसले गेले, आणि तेही निष्कारण.

निष्कारण म्हणण्याचे कारण असे की, खरा दोष नंतर सहज सापडला. शेजारच्या शाळेतील बाईंनी एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, शनिवारी कधी अडकला का हो?" गुरुजींनी आठवून पाहिले. शनिवारी एकदाही नाही. शनिवारची शाळा सकाळची. पत्र्याची खोली तेव्हा तापलेली नसे. लॅपटॉपच्या तळाशी हवा आत घेण्याची छिद्रे असतात. ती सतरंजीने बंद होत होती आणि आतील पंखा धुळीने भरला होता. पंखा साफ केला, लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवला व अडकणे थांबले. खर्च काहीच आला नाही.

ह्या अनुभवावरून तीन नियम निघतात. आधी नोंदी सुरक्षित कराव्यात. मग निरीक्षण करावे. आणि उपाय फुकटापासून खर्चिकाकडे ह्या क्रमाने, एका वेळी एकच करावा.

पहिले काम : नोंदींची प्रत

लॅपटॉप अडकू लागला आहे असे दिसताच, दुसरे काहीही करण्यापूर्वी, महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. पटनोंदी, निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब, मुलांच्या प्रगतीच्या नोंदी व शाळेची छायाचित्रे ह्यांना अग्रक्रम द्यावा. चित्रपट, गाणी व पुन्हा मिळू शकणारे शैक्षणिक व्हिडिओ शेवटी घेतले तरी चालतील. पेनड्राइव्हही बिघडतो वा हरवतो, म्हणून दुसरी प्रत अन्यत्र असावी. प्रत घेतल्यावर एक-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत समजू नये.

अडकलेल्या क्षणी काय पाहावे

लॅपटॉप अडकला की पुष्कळदा आपण घाईने बटण दाबून तो बंद करतो. त्यामुळे निदानाचा उत्तम क्षण वाया जातो. दोन मिनिटे थांबून पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) 'कॅप्स लॉक' ही कळ दाबावी. बहुतेक जुन्या लॅपटॉपवर तिचा एक बारीक दिवा असतो. दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे. केवळ एखादा प्रोग्राम अडकला आहे. दिवा मुळीच दाद देत नसेल तर संपूर्ण यंत्रणाच थांबली आहे.

(२) यंत्र जिवंत असल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबाव्यात. 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी उघडते. तीत सीपीयू, मेमरी व डिस्क ह्यांचे टक्के दिसतात. कोणता आकडा शंभराला टेकला आहे तो टिपून घ्यावा. निम्मे निदान तेथेच होते.

(३) तळहात लॅपटॉपच्या तळाशी व पंख्याच्या झरोक्याशी न्यावा. चटका बसण्याइतकी उष्णता आहे काय, हवा बाहेर येते काय, हे पाहावे.

(४) कान जवळ नेऊन टकटक असा नियमित आवाज येतो काय, ते ऐकावे.

एवढे पाहून झाल्यावरही यंत्र हलले नाही, तरच बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरावे. हा निर्वाणीचा उपाय आहे. तो रोजचा परिपाठ होऊ देऊ नये, कारण लिहिणे अर्धवट तुटल्याने फाइली बिघडतात.

नोंदवही

एका साध्या वहीत पाच रकाने आखावेत : तारीख, वेळ, त्या वेळी चालू असलेले काम, वरील चार गोष्टींचे निरीक्षण आणि वीज होती की नव्हती. आठ-दहा नोंदी झाल्या की त्यांत काही संगती दिसू लागते. नेहमी दुपारीच अडकत असल्यास उष्णतेचा संशय घ्यावा. ठरावीक फाइल उघडतानाच अडकत असल्यास डिस्कचा, बरीच पाने व व्हिडिओ उघडे असताना अडकत असल्यास मेमरीचा, आणि चार्जर जोडल्यावरच अडकत असल्यास विजेचा संशय घ्यावा. वरील शाळेत अशी वही असती तर शनिवारचा रकाना कोरा राहिलेला पहिल्याच महिन्यात दिसला असता.

कारणे व त्यांवरील उपाय

(अ) उष्णता व धूळ. प्रोसेसर काम करताना तापतो व पंखा ती उष्णता बाहेर टाकतो. हवेचा मार्ग बंद झाला की प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग आपणहून कमी करतो. अनेक प्रोसेसरांची मर्यादा सुमारे १०० अंश सेल्सिअस असते. तिच्या जवळ जाताच यंत्र रेंगाळते, मग अडकते आणि मर्यादा ओलांडल्यास एकाएकी बंद पडते. उपाय सोपा आहे. लॅपटॉप सतरंजी, गादी वा मांडीवर न ठेवता टणक व सपाट पृष्ठभागावर ठेवावा. महिन्यातून एकदा तो पूर्ण बंद करून, चार्जर काढून, झरोक्यांतील धूळ मऊ ब्रशाने व हातपंपाच्या हवेने काढावी. हवा मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे. ते वेगाने फिरल्यास पंखा खराब होऊ शकतो. खडूच्या भुकटीपासून लॅपटॉप दूर असावा. फळ्याखालील टेबल ही त्याची जागा नव्हे. एवढे करूनही तापणे थांबले नाही तर प्रोसेसर व त्यावरील धातूची पट्टी ह्यांमधील लेप सुकला असण्याचा संभव असतो. तो बदलण्याचे काम मात्र जाणकाराकडे द्यावे.

(आ) रॅमची टंचाई. हे कारण समजण्यासाठी शिक्षकाचे टेबल व शेजारच्या खोलीतील कपाट डोळ्यांपुढे आणावे. रॅम म्हणजे टेबल व हार्ड डिस्क म्हणजे कपाट. टेबलावर मावेल तेवढे काम झपाट्याने होते. टेबल भरले की एक वही कपाटात ठेवून दुसरी आणावी लागते, आणि शिक्षकाचा सर्व वेळ येरझाऱ्यांत जातो. संगणकाचेही तसेच होते. हार्ड डिस्कवरील एखादी जागा गाठण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. रॅमला त्याच्या सुमारे लाखाव्या हिश्श्याइतकाच काळ पुरतो. म्हणून रॅम भरली की यंत्र अडकल्यासारखे भासते. वास्तविक ते येरझाऱ्या घालीत असते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर व त्याच वेळी डिस्क शंभरावर असेल तर हे कारण निश्चित समजावे.

येथे प्रथम फुकटचे उपाय करावेत. ब्राउझरमध्ये एका वेळी दोन-तीनच पाने उघडी ठेवावीत. टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' ह्या यादीतून, लॅपटॉप सुरू होताच आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. त्यानंतरही त्रास राहिल्यास रॅम वाढविण्याचा विचार करावा. २ गीगाबाइटवर आजची कामे चालणे कठीण आहे. ४ वर जेमतेम चालतात. ८ असल्यास शाळेचे काम सुखाने होते. रॅम घेण्यापूर्वी जुन्या पट्टीवरील प्रकार टिपून न्यावा, कारण एका प्रकारची पट्टी दुसऱ्या प्रकारच्या खाचेत बसत नाही. काही लॅपटॉपांत रॅम मुख्य पटलावरच जोडलेली असते व ती वाढविता येत नाही.

(इ) हार्ड डिस्कचा ऱ्हास. जुन्या लॅपटॉपांत हे कारण वारंवार आढळते व ते सर्वांत धोक्याचे आहे. हार्ड डिस्कमध्ये धातूचा लेप दिलेल्या तबकड्या असतात. लॅपटॉपांत त्या सामान्यतः मिनिटास ५४०० फेरे, म्हणजे सेकंदास ९० फेरे घेतात, आणि वाचणारे टोक त्यांच्यावर अत्यंत सूक्ष्म अंतरावरून फिरते. चालू लॅपटॉप उचलून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेताना बसणारा धक्का तबकडीस इजा करू शकतो. इजा झालेली जागा वाचता आली नाही की डिस्क ती पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते, आणि तोपर्यंत सारे यंत्र ताटकळत राहते.

ह्याची लक्षणे अशी : ठरावीक फाइल उघडतानाच अडकणे, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के पण प्रत्यक्ष वाचन जवळजवळ शून्य दिसणे, टकटक आवाज येणे. विंडोजमधील 'इव्हेंट व्ह्यूअर' ह्या नोंदवहीत 'सिस्टिम' ह्या भागात 'डिस्क' ह्या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी वारंवार दिसल्यास संशय बळावतो. ७ म्हणजे खराब जागा आढळली व १५३ म्हणजे वाचन-लेखनाचा प्रयत्न पुन्हा करावा लागला.

अशा वेळी नोंदींची प्रत ताबडतोब घ्यावी. सी ड्राइव्हच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'टूल्स' येथे 'चेक' ही सोय आहे. परंतु मरणपंथास लागलेल्या डिस्कवर ती प्रत घेण्यापूर्वी चालवू नये. त्या तपासणीचा ताणच कधीकधी अखेरचा ठरतो. डिस्क खरोखर खराब असल्यास तिच्या जागी एसएसडी बसवावी. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो व एखादी जागा गाठण्यास तिला हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो. जुन्या लॅपटॉपला नवजीवन देणारा एकच खर्च निवडायचा असेल तर सामान्यतः हाच निवडावा. काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडू नये. तीत मुलांची व पालकांची माहिती असते.

(ई) सॉफ्टवेअरमधील दोष. एकाच यंत्रात दोन अँटिव्हायरस असल्यास ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात, एकच ठेवावा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असल्यास तो पंधरा-वीस टक्के तरी रिकामा करावा. बरेच दिवस इंटरनेट न मिळालेला लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडताच साचलेले अपडेट एकदम घेऊ लागतो व अडकल्यासारखा होतो. अशा वेळी वर्गातील काम न घेता, शाळा सुटल्यावर चार्जर जोडून त्यास आपले काम पुरे करू द्यावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. विंडोज ८ पासून पुढे 'शट डाऊन' केल्यावर पूर्वीची स्थिती अंशतः साठवून ठेवली जाते, म्हणजे पुढील वेळी यंत्र लवकर सुरू व्हावे. परिणामी रोज बंद करूनही जुना घोटाळा तसाच पुढे चालू राहू शकतो. 'रीस्टार्ट' केल्यास मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. यास्तव अडकण्याचा त्रास असल्यास आठवड्यातून दोन-तीनदा 'रीस्टार्ट' करावे.

(उ) वीज व बॅटरी. बॅटरी निकामी झालेला लॅपटॉप वीज जाताच बंद पडतो व लिहिणे अर्धवट राहून फाइली बिघडतात. काही लॅपटॉप चार्जर मूळचा नसल्यास आपला वेग स्वतःहून कमी करतात. म्हणून अडकण्याची तक्रार चार्जर बदलल्यानंतर सुरू झाली काय, हे आठवून पाहावे. बॅटरी फुगलेली दिसल्यास, म्हणजे कळफलक वा तळ उचलला गेल्यास, लॅपटॉपचा वापर त्वरित थांबवावा. ती टोचू वा दाबू नये, मुलांच्या हाती देऊ नये. ती पेट घेऊ शकते.

दोष यंत्रात की सॉफ्टवेअरमध्ये?

इतके करूनही कारण सापडत नसल्यास एक निर्णायक कसोटी आहे. दुसऱ्या संगणकाच्या साहाय्याने ८ गीगाबाइटच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली भरावी व लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. ही प्रणाली लॅपटॉपमध्ये न बसविता केवळ चालवून पाहता येते. 'इन्स्टॉल' हा पर्याय मात्र चुकूनही निवडू नये. अशा स्थितीत लॅपटॉपमधील डिस्क व विंडोज दोन्ही बाजूस राहतात. तासभर काम करून यंत्र अडकले नाही तर दोष डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे. तरीही अडकले तर दोष बहुधा उष्णता, रॅम किंवा वीज ह्यांत आहे, आणि त्या स्थितीत फॉरमॅट करून काहीही साधणार नाही. रॅमची परीक्षा 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' ह्या विंडोजमधील साधनानेच घेता येते.

विंडोजमध्येच दोष आहे असे ह्या कसोटीने ठरले व प्रत हाती असली, तर फॉरमॅट करण्यास हरकत नाही. तो उपाय वाईट नाही. तो पहिला उपाय करणे वाईट आहे.

जुन्या प्रणालीचा प्रश्न

लॅपटॉप दुरुस्त झाला तरी त्यावर कोणती प्रणाली ठेवावी हा प्रश्न उरतो. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला व विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ गीगाबाइट रॅम, ६४ गीगाबाइट साठवण व टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते, आणि सर्वसाधारणपणे २०१७ पूर्वीचे प्रोसेसर तिला मान्य नाहीत. तेव्हा जुना लॅपटॉप टाकूनच द्यावा काय? तसे नाही. लिनक्स मिंटसारखी प्रणाली २ गीगाबाइट रॅमवर चालते व ४ वर बऱ्यापैकी चालते. केरळ राज्यातील शासकीय शाळांत लिनक्सवर आधारित प्रणाली अनेक वर्षांपासून वापरात आहे. मराठी युनिकोड टंकलेखनाची सोयही तीत आहे. मात्र जे विशिष्ट प्रोग्राम शाळेस आवश्यक आहेत ते तीत चालतात की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

खर्च करण्यापूर्वी

सादिल अनुदानातील रुपया मोठा नसतो, म्हणून तो योग्य जागी पडावा. दुरुस्तीस जाताना वर सांगितलेली नोंदवही बरोबर न्यावी. "अडकतो, बघा" असे सांगणाऱ्यास पुसून देणे हाच सोपा उपाय मिळतो. "दुपारी दोन ते चार अडकतो, सकाळी नाही; डिस्कच्या तक्रारी नाहीत; पंख्याची हवा येत नाही" असे सांगणाऱ्यास नेमके उत्तर मिळते. बदललेल्या भागाची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करावी व शाळा व्यवस्थापन समितीस माहिती द्यावी.

शेवटी एक सूचना. इयत्ता सहावी-सातवीचे वर्ग असलेल्या शाळांनी ही नोंदवही मुलांच्या हाती द्यावी. काय घडले ते पाहणे, ते टिपणे, संशय घेणे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून तो पडताळणे, हीच शास्त्राची रीत आहे. शनिवारचा रकाना कोरा का, हा प्रश्न जे मूल आपण होऊन विचारील, त्याला शास्त्र समजू लागले असे खुशाल समजावे.